फास्ट चार्जिंग बंद केलं तरी पुन्हा चालू होतंय, फोन तापतोय: नक्की काय करायचं

सेटिंगमध्ये जाऊन फास्ट चार्जिंग बंद केलं, काही दिवस बरं चाललं, आणि मग एकदा चार्जिंगला लावलेला फोन हातात घेतला तर पाठ चांगलीच गरम आणि स्क्रीनवर परत तेच 'फास्ट चार्जिंग' लिहिलेलं. ही तक्रार इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की आता सगळं एका जागी लिहून काढतो. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाई असेल त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. फोनमधल्या बटणावर वेग आवरायचं काम सोपवू नका, वेग आवरायचा चार्जरच्या बाजूने आणि फोनकडे फक्त टक्क्यांची लिमिट ठेवायची. बटण अपडेटनंतर जागा बदलतं, एक बंद केलं तर त्याच्या शेजारचं दुसरं चालू राहतं, कित्येक फोनात तर ते असतंच नाही. 10 वॅटचा साधा चार्जर मात्र आज 10 वॅटच देणार आणि पुढच्या वर्षीही तेवढेच देणार.

आता हे सगळं करायचं कशासाठी ते नीट कळलं तर पुढचं सोपं जातं, कारण नुसतं 'फास्ट चार्जिंग वाईट' असं धरून चाललं की लोक भलत्याच गोष्टी करत बसतात. फोनच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल दोन टप्प्यांत भरतो. पहिल्या टप्प्यात करंट ठरलेला असतो आणि व्होल्टेज हळूहळू चढत जातं, ते वरच्या मर्यादेला पोचलं (सेलच्या जातीप्रमाणे 4.2 ते साधारण 4.45 व्होल्ट) की दुसरा टप्पा सुरू होतो, त्यात व्होल्टेज तिथेच धरून ठेवतात आणि करंट उतरत जातो. म्हणजे चार्जर 67 वॅटचा असला तरी ते 67 वॅट शेवटपर्यंत जात नाहीत, अर्धीअधिक बॅटरी भरली की बहुतेक फोन आपणहून हात आखडता घेतात. त्यामुळे '80 च्या पुढे तरी स्लो चार्जर लावू' याचा वेगाच्या दृष्टीने फारसा फायदा नाही, तिथे फोन तसाही हळूच भरत असतो. खरा जोर 10-20 टक्क्यांपासून पन्नास-साठपर्यंतच्या पट्ट्यात असतो आणि फोन तापतो तोही तिथेच.

बॅटरीला मारणाऱ्या गोष्टींमध्ये पहिली उष्णता. करंट दुप्पट केला की आतल्या रेझिस्टन्समध्ये तयार होणारी उष्णता चौपट होते, आणि गरम सेलमध्ये ग्राफाइटवर (सेलच्या एका बाजूच्या इलेक्ट्रोडवर) असलेला पातळ थर जाड होत जातो, त्यात वापरण्याजोगं लिथियम अडकून पडतं, ते परत मिळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फुल चार्ज अवस्थेत तासन् तास पडून राहणं, कारण तेव्हा व्होल्टेज सगळ्यात वर असतं, आणि त्यात फोन गरम असेल तर दोन्ही त्रास एकदमच. तिसरी गोष्ट थंडीत जोरात चार्ज करणं. सेल गार असताना जास्त करंट ढकलला तर लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातूच्या रूपात साचतं, म्हणूनच शून्याच्या आसपास फोन चार्जिंग एकदम कमी करतो किंवा थांबवतो.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या की नुसत्या वॅटच्या आकड्याला घाबरायचं कारण नाही. मोठ्या वॅटच्या बऱ्याच फोनांमध्ये बॅटरी दोन सेलमध्ये विभागलेली असते, त्यामुळे प्रत्येक सेलवरचा भार निम्म्यावर येतो, शिवाय व्होल्टेज कमी-जास्त करायचं बरंचसं काम चार्जर करतो म्हणजे ती उष्णता फोनच्या बाहेर राहते. याउलट जुन्या पद्धतीचा चार्जर थेट 9 व्होल्ट आत सोडतो आणि ते चार व्होल्टच्या आसपास उतरवायचं काम फोनमधल्या सर्किटला करावं लागतं, मग 15-18 वॅटलाही फोन तापतो. पीपीएस नावाची जी सोय यूएसबी-पीडीमध्ये (यूएसबी-सीवरून फास्ट चार्जिंग करायची सगळ्या कंपन्यांसाठीची पद्धत) आहे तिच्यात चार्जर फोनच्या सांगण्याप्रमाणे 20 मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी व्होल्टेज हलवतो, त्यामुळे तेवढ्याच वॅटला फोन तुलनेने गार राहतो. म्हणून चार्जरवर वॅट किती लिहिलेत यापेक्षा तुमच्या फोनची बॅटरी किती डिग्रीला जाते ते बघायचं.

तेव्हा पहिलं काम मोजायचं. अँड्रॉइडवर अँपिअर किंवा अ‍ॅक्युबॅटरी यांपैकी एक अ‍ॅप टाका, त्यात बॅटरीचं तापमान आणि करंट दोन्ही दिसतं. स्क्रीन चालू असताना फोन स्वतःच करंट खातो आणि काही फोन तर स्क्रीन चालू असली की फास्ट चार्जिंगच आवरतं घेतात, तेव्हा स्क्रीन बंद करून पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मग आकडा बघा.

इथे एक घोटाळा हमखास होतो. चार्जरवर लिहिलेलं असतं 9 व्होल्ट 1.67 अँपिअर, आणि अ‍ॅपमध्ये दिसतात 3400 मिलिअँपिअर, मग माणूस घाबरतो की चार्जर दुप्पट करंट सोडतोय. तसं नाहीये. 9 गुणिले 1.67 म्हणजे 15 वॅट, तेच वॅट बॅटरीपाशी 3.9 व्होल्टला उतरले आणि वाटेत दहाएक टक्के वाया गेले की हिशोब बरोबर साडेतीन अँपिअरच्या आतबाहेर येतो. चार्जरवरचा आकडा केबलमधला करंट सांगतो, अ‍ॅपमधला आकडा बॅटरीत शिरणारा. साध्या 5 व्होल्ट 2 अँपिअरच्या चार्जरवर अ‍ॅपमध्ये 2200-2300 दिसले तर तेही अगदी बरोबर आहे. ज्यांना खात्रीच करायची आहे त्यांनी केबलच्या मध्ये लावायचा यूएसबी मीटर घ्यावा, त्यावर 9 व्होल्ट दिसले की फास्ट चार्जिंग चालू आहे, 5 दिसले की बहुतेक नाही. बहुतेक अशासाठी की काही कंपन्यांचं जास्त करंटवालं फास्ट चार्जिंग 5 व्होल्टच्या आसपासच चालतं, तिथे मीटरवर 4 अँपिअर किंवा जास्त दिसतील. तेव्हा व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही बघा आणि गुणाकार करा.

आता बंद केलेलं परत चालू का होतं. सॅमसंगवाल्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती इथे. बॅटरीच्या सेटिंगमध्ये फास्ट चार्जिंग, सुपर फास्ट चार्जिंग आणि फास्ट वायरलेस चार्जिंग अशी वेगवेगळी बटणं असतात. लोक सुपर फास्ट बंद करतात आणि मग फोन साध्या फास्टवर म्हणजे 15 वॅटवर येतो, त्यांना वाटतं बंद झालंच नाही. केबलवरची दोन्ही बंद करायची, आणि पॅड वापरत असाल तर तिसरंसुद्धा. आणि चार्जिंग चालू असताना ही बटणं बदलता येत नाहीत, केबल काढा, बंद करा, मग परत लावा. जुन्या व्हर्जनमध्ये हे 'बॅटरी अँड डिव्हाइस केअर'च्या पोटात होतं, पुढे बॅटरीचा मेनू वेगळा झाला, त्यामुळे जुना व्हिडिओ बघून शोधायला गेलात तर सापडणार नाही, सेटिंगच्या सर्चमध्येच 'चार्जिंग' टाइप करा.

शाओमीच्या बऱ्याच फोनांत चार्जिंगचा वेग वाढवणारं एक बटण बॅटरीच्या मेनूत असतं, ते बंद ठेवायचं. मोठ्या अपडेटनंतर ते एकदा जाऊन बघायची सवय ठेवा, कुठल्याही कंपनीचा फोन असला तरी. पिक्सेल आणि आयफोनमध्ये फास्ट चार्जिंग बंद करायचं सरळ बटणच नाही, तेव्हा ते शोधण्यात वेळ घालवू नका. ओप्पो, वनप्लस, रिअलमी यांच्या फोनांचं वेगळं आहे, त्यांचा पूर्ण वेग त्यांच्याच जातीच्या चार्जर-केबलवर मिळतो, दुसऱ्या कंपनीचा साधा चार्जर लावला की वेग आपोआप बराच खाली येतो.

म्हणजे फिरून चार्जरवरच येतो आपण. घरात जुना चार्जर पडलेला असतो बघा, मोठ्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टवाला, तो काढा आणि त्याच्यावरची बारीक अक्षरं मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाचा. 'आउटपुट' या ओळीत फक्त 5 व्होल्ट आणि 1, 1.5 किंवा 2 अँपिअर एवढंच लिहिलेलं असेल तर हाच तुम्हाला हवाय. त्याच ओळीत पुढे 9 व्होल्ट, 11 व्होल्ट, 12 व्होल्ट असं काही असेल तर तो फास्ट चार्जर आहे, मग पोर्ट जुना दिसला तरी भुलू नका. कारण यूएसबी-पीडीची चार्जर-फोनमधली बोलणी सी-टू-सी केबलमधल्या (दोन्ही टोकं यूएसबी-सी) एका वेगळ्या वायरवरून होतात, ए-टू-सी केबलवर ती होतच नाहीत हे खरं आहे, पण क्विक चार्ज (क्वालकॉमची फास्ट चार्जिंग पद्धत) आणि सॅमसंगची जुनी फास्ट पद्धत डेटाच्या वायरींवरून बोलते, आणि त्या वायरी ए-टू-सी केबलमध्ये असतातच. म्हणून 'मी तर ए-टू-सी केबल लावली तरी फास्ट चार्जिंग का दाखवतोय' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा चार्जरवरच्या त्या बारीक ओळीत सापडतं.

साधा चार्जर मिळतच नसेल तर डेटा ब्लॉकर नावाचा छोटा अडॅप्टर ए पोर्टवर लावता येतो, तो डेटाच्या वायरी तोडतो म्हणून क्विक चार्जसारखी बोलणी होत नाहीत आणि फोन 5 व्होल्टवरच राहतो. लॅपटॉपचा जुना यूएसबी पोर्टही चालतो, पण यूएसबी 2.0 ला ठरलेली मर्यादा 500 मिलिअँपिअर म्हणजे अडीच वॅट आहे, त्यावर फोन वापरत बसलात तर टक्के वाढण्याऐवजी कमी होताना दिसतील. झोपताना लावायला ठीक आहे, बाकी वेळी वैताग येतो.

किती वॅट पुरे याचा हिशोब सोपा आहे. 5000 एमएएचची बॅटरी म्हणजे जवळपास 19 वॅट-तास. 20 वरून 80 पर्यंत न्यायचं तर साडेअकरा वॅट-तास भरायचे. 10 वॅटच्या चार्जरवर, वाटेतला तोटा धरून, सव्वा तासाच्या आसपास लागतो. 5 वॅटवर अडीच तास. मला स्वतःला रोजच्यासाठी 10 वॅट योग्य वाटतं, त्या वेगाला एवढ्या मोठ्या बॅटरीवर अर्धा सी पण भार येत नाही (एक सी म्हणजे तासाभरात पूर्ण बॅटरी भरेल एवढा करंट) आणि फोन कोमटसुद्धा होत नाही. त्याच्या खाली जाऊन आणखी फार काही वाचतं असं नाही. फास्ट चार्जर फेकून द्यायचा नाही, बाहेर निघायच्या आधी वीस मिनिटं आहेत आणि 12 टक्के उरलेत तेव्हा तो बिनधास्त लावायचा, महिन्यातून काही वेळा लावल्याने बॅटरी मरत नाही. पलंगाजवळच्या आणि टेबलावरच्या प्लगमध्ये साधा चार्जर कायमचा लावून ठेवायचा आणि फास्टवाला बॅगेत ठेवायचा. एवढ्या एका गोष्टीने निम्म्या लोकांची तक्रार मिटते, कारण मग दर वेळी आठवण ठेवायला लागत नाही.

आता टक्क्यांची लिमिट. सॅमसंगच्या 'बॅटरी प्रोटेक्शन'मध्ये सगळ्यात कडक पर्याय निवडला तर चार्जिंग 80 ला थांबतं, नव्या व्हर्जनमध्ये 80 ते 95 मधला आकडा निवडता येतो, आणि त्यातला 'बेसिक' पर्याय 100 ला थांबून 95 ला उतरल्यावरच परत सुरू होतो. पिक्सेलमध्ये बॅटरी हेल्थखाली 80 ची लिमिट आहे. आयफोनला 15 च्या मालिकेपासून 80 ची लिमिट मिळाली, आयओएस 18 पासून त्याच फोनांत 85, 90, 95 पण निवडता येतं. त्याच्या आधीच्या आयफोनांत फक्त ऑप्टिमाइज्ड चार्जिंग आहे, जे आयओएस 13 मध्ये आलं.

या ऑप्टिमाइज्डबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे 'कधी 80 ला थांबतं, कधी थेट 100 होतं'. ते तसंच बनवलेलं आहे. ते तुमची सवय शिकतं, आणि अ‍ॅपलच्या म्हणण्याप्रमाणे त्याला किमान 14 दिवस लागतात आणि एकाच ठिकाणी किमान पाच-पाच तासांची 9 चार्जिंग व्हावी लागतात. ज्यांची झोपायची-उठायची वेळ रोज वेगळी, शिफ्ट बदलते, सतत प्रवास चालू, त्यांच्यासाठी ते कधीच नीट शिकत नाही. अशांनी त्याच्या नादी न लागता ठाम लिमिट लावावी, आणि फोनमध्ये ती सोय नसेल तर आयफोनच्या शॉर्टकट्स अ‍ॅपमध्ये 80 टक्के झाले की स्मार्ट प्लग (फोनवरून बंद-चालू होणारा प्लग) आपोआप बंद करायचं ऑटोमेशन बनवावं. अँड्रॉइडवर हेच टास्कर नावाच्या अ‍ॅपने होतं. प्लग बंद झाल्यावर केबल लागलेली राहिली तरी काही बिघडत नाही.

लिमिट लावूनही महिन्यातून कधीतरी फोन 100 ला गेलेला दिसला तर घाबरून रीसेट मारू नका. आयफोन आणि पिक्सेल दोघेही अधूनमधून मुद्दाम पूर्ण चार्ज करतात, कारण कायम 80 च्या खाली राहिलं तर टक्के मोजायचा अंदाज चुकत जातो आणि मग 15 टक्क्यांवर फोन पटकन बंद पडण्याचे प्रकार सुरू होतात.

हे सगळं केलं, साधा 10 वॅटचा चार्जर आहे, तरी बॅटरी 40 डिग्रीच्या वर जातेय? मग दोष वेगाचा नाही, दुसरीकडे शोधा. सगळ्यात आधी कव्हर काढा, जाड कव्हर असेल तर फरक लगेच दिसतो. फोन उशीवर, गादीवर, पांघरुणाखाली ठेवून चार्ज करू नका. फोटोंचा बॅकअप किंवा अपडेट नंतरची आवराआवर चालू असेल तर प्रोसेसरच तापलेला असतो, तासाभराने परत बघा. वायरलेस पॅड वापरत असाल तर पॅडवर फोन जरा सरकलेला असला तरी बरीच ऊर्जा उष्णतेतच जाते, त्यामुळे 'वायरलेस स्लो असतं म्हणून बॅटरीला चांगलं' हा समज सोडून द्या. गाडीत उन्हात डॅशबोर्डवर मॅप चालू ठेवून चार्जिंग, हा तर यातला सगळ्यात वाईट प्रकार, तिथे फोन एसीच्या झोताजवळ लावा. केबलचं टोक आणि फोनचा पोर्ट जिथे मिळतात तिथेच बोटाला चटका बसत असेल तर पोर्टमध्ये कचरा आहे किंवा पिना झिजल्यात, फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने साफ करा, सुई-पिन अजिबात घालू नका, आणि तरीही तसंच राहिलं तर केबल बदला.

गेम खेळताना चार्जिंग लावणाऱ्यांसाठी बायपास नावाची सोय आहे, त्यात वीज बॅटरीत न जाता थेट फोनला मिळते. सॅमसंगच्या काही मॉडेलमध्ये गेम बूस्टरच्या मेनूत यूएसबी पॉवर डिलिव्हरी थांबवण्याचा पर्याय म्हणून ती येते आणि तिला पीडी चार्जरच लागतो, असूसच्या गेमिंग फोनांत आणि सोनीच्या एक्सपीरियामध्येही ती आहे. फोनमध्ये असेल तर जरूर वापरा, खेळताना बॅटरी एकाच टक्क्यावर राहते आणि तापमानातला फरक हाताला कळतो.

रूट केलेल्या (म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवलेल्या) अँड्रॉइड फोनवाल्यांसाठी थोडं. सिस्टिमच्या पॉवर सप्लाय फोल्डरमधल्या फाइलमध्ये करंटचा आकडा लिहिला, चालला, आणि रीस्टार्टनंतर किंवा केबल काढून लावल्यावर परत मूळ आकडा, हे सगळ्यांना भेटतं. त्या फाइली डिस्कवर नसतातच, कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्या दर वेळी नव्याने तयार करतं आणि केबल लागली की चार्जिंग ड्रायव्हर त्यात स्वतःचा आकडा परत लिहितो. म्हणून एकदा लिहून उपयोग नाही, मॅजिस्क या रूटसाठीच्या साधनात एसीसी नावाचं मॉड्यूल टाका, ते मागे चालू राहून आकडा पुन्हा पुन्हा लावत राहतं आणि थांबायचे-सुरू व्हायचे टक्केही ठरवता येतात. आकडा टाकताना एकक बघा, सहसा ते मायक्रोअँपिअर असतं म्हणजे 1 अँपिअरसाठी 1000000 लिहायचे, पण काही कंपन्यांच्या ड्रायव्हरमध्ये मिलिअँपिअर असतं आणि तिथे हा आकडा गेला तर मर्यादा उडाल्यासारखीच. आधी फाइल वाचा, आत्ता काय लिहिलंय ते बघा, त्यावरून एकक कळतं. फक्त या वेगासाठी फोन रूट करा असं मी कुणालाही सांगणार नाही, बँकेची अ‍ॅप बंद पडतात आणि वॉरंटीचा प्रश्न येतो, तेच काम साधा चार्जर करतो.

बॅटरी आधीच थकलेली असेल तर यातलं काहीच तिला परत तरुण करणार नाही. आयफोनच्या बॅटरी हेल्थमध्ये 80 च्या खाली आकडा गेलाय (14 पर्यंतच्या मॉडेलसाठी 500 सायकलनंतर, म्हणजे तेवढ्या वेळा पूर्ण बॅटरीइतका वापर झाल्यावर, आणि 15 पासून 1000 सायकलनंतर 80 टक्के उरावी असा कंपनीचा हिशोब आहे), किंवा अँड्रॉइडवर 40 वरून एकदम 22 अशा उड्या मारतोय, हळू चार्जरवरही तापतोय, तर आतला रेझिस्टन्स वाढलाय, बॅटरी बदलून घ्या आणि नव्या बॅटरीपासून साधा चार्जर आणि लिमिट सुरू करा. आणि मागचं कव्हर किंवा स्क्रीन किंचित उचललेली दिसली, फोन टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतोय, तर चार्जिंग ताबडतोब बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, फोन बंद करून सर्व्हिस सेंटरला द्या.